सत्तर तास, नव्वद तास आणि साहेबांची सही

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे आठवड्याला ९० तास काम करण्याचे विधान गाजले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकाने-आस्थापनांतील ९ वरून १० तासांवर नेण्यास मान्यता दिली. या प्रत्येक वेळी आर्वी तालुक्यातील आमच्या गावाकडून मला इथे जर्मनीत फोन आले. भाचा नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सांभाळतो, चुलतभावाची मुलगी पुण्यात नोकरी करते, आणि दोघांचाही प्रश्न एकच असतो की जर्मनीत लोक खरोखरच वेळेवर घरी जातात का.

बहुतेक जण जातात, आणि त्यामागे कायदा आहे. १९९४ च्या जर्मन कायद्यानुसार दिवसाचे काम आठ तासांचे असते. ते दहा तासांपर्यंत वाढवता येते, परंतु सहा महिन्यांची सरासरी पुन्हा आठवर आणावी लागते, आणि एक दिवस संपून दुसरा सुरू होईपर्यंत सलग ११ तासांची विश्रांती द्यावी लागते. या व्यवस्थेवर इथेही वाद आहे. २०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने दिवसाऐवजी आठवड्याची मर्यादा ठरवण्याचा मुद्दा आपल्या करारात घेतला, तेव्हा कामगार संघटनांनी त्याला विरोध केला. तासांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि माणसाच्या झोपेची किंमत मी कमी लेखत नाही. तरीही श्टुटगार्टजवळच्या एका यंत्रनिर्मिती कारखान्यात इतकी वर्षे काम केल्यावर मला असे ठामपणे वाटते की आपल्याकडची चर्चा घड्याळापाशी अडकते आणि त्या तासांत निर्णय कोण घेतो हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

माझ्या विभागात एखाद्या यंत्राचा दोष चर्चेला आला की विभागप्रमुख सर्वांत शेवटी बोलतात. पहिला प्रश्न त्या यंत्रावर प्रत्यक्ष उभ्या असणाऱ्याला विचारला जातो, आणि तो अनेकदा प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षातला विशीचा मुलगा असतो. तो काय पाहिले ते सांगतो, काय करावे असे वाटते तेही सांगतो, आणि प्रमुख मान खाली घालून लिहून घेतात. रजेवर जाण्याआधी प्रत्येक जण पानभर टिपण ठेवतो. कोणती कामे कुठवर आली आहेत, त्यांतले कोणते निर्णय कोण घेईल, किती रकमेपर्यंतची खरेदी कोण मंजूर करेल आणि कोणत्या एकाच कारणासाठी फोन करावा, हे सारे त्यात असते. मी स्वतः असे टिपण लिहू लागल्यावर माझ्या लक्षात आले की ते लिहिण्यासाठी माणसे आधी तयार करावी लागतात, आणि खरे काम तेच आहे.

याउलट भाच्याने सांगितलेला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. एका यंत्राचे बेअरिंग निकामी झाले होते. दोन-तीन हजारांची वस्तू, दुकान दहा मिनिटांवर, आणि बिघाड नेमका कुठे आहे हे त्याला दुपारीच कळले होते. खरेदीच्या कागदावर सही करणारे साहेब नागपूरला बैठकीत होते आणि त्यांच्या गैरहजेरीत सही कोणी करायची हे कोणालाच माहीत नव्हते. यंत्र बंद राहिले, पाळी संपली, आणि हा पोरगा रात्री नऊपर्यंत थांबला. त्याच्या हजेरीत त्या दिवशी बारा तास लागले असतील, पण त्यांतले निम्मे वाट पाहण्यात गेले. असे तास ७० होवोत की ९०, त्यातून ना कारखान्याचे भले होते ना माणसाचे. तालुक्याच्या कचेरीत ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे उत्तर ऐकून परत फिरणाऱ्या शेतकऱ्याचा खोळंबाही याच जातीचा आहे.

कनिष्ठाला आधी विचारण्याची सवय परदेशातून आणावी लागेल असे मात्र कोणी समजू नये. आमच्याकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या गिरणीत, दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागत, तेव्हा मालाची प्रत ठरवणारे तिथले वयस्क ग्रेडर नव्या पोराला आधी गाडीत हात घालायला लावत. ‘सांग बाबू, ओल किती?’ असे विचारून ते त्याला आकडा बोलायला लावत आणि मगच ओलावा मोजण्याचे यंत्र कापसात खुपसत. आठ टक्क्यांपुढे गेले की भावात कपात आणि बारापुढे गेले की माल परत, त्यामुळे अंदाज चुकला तर शेतकऱ्याचे नुकसान होते हे त्या पोराला पहिल्याच दिवशी कळे. पोराने आकडा सांगेपर्यंत ग्रेडर स्वतः तोंड उघडत नसत.

याहून मोठे उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांच्या घरी जाऊन देखभाल करण्याचे काम गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या स्त्रियांवर सोपवले. बाळाला जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यापर्यंतचा अधिकार त्यांना मिळाला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. अधिकार देऊन डॉक्टर मोकळे झाले नव्हते. ठरावीक दिवसांनी ते गावात जात, नोंदवही तपासत आणि चूक दिसली तर तिथेच शिकवत. काम सोपवणे आणि काम अंगावरून झटकणे यांतला फरक समजून घ्यायचा असेल तर या नोंदवह्यांइतका चांगला धडा मला व्यवस्थापनाच्या कोणत्याही वर्गात मिळाला नाही.

त्याच जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाबद्दलही सांगितले पाहिजे. तिथली ग्रामसभा बहुमताने ठरवत नाही, सर्वांची सहमती होईपर्यंत बोलते, आणि अवघड विषय आधी अभ्यासगटात घासून घेते. हे वेळखाऊ आहे यात शंका नाही. परंतु २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाल्यावर बांबूची तोड, विक्री आणि हिशेब या गावाने स्वतः सांभाळले, कारण निर्णय सगळ्यांचा असल्यामुळे तो पाळून घ्यायला वरून माणूस नेमावा लागला नाही. कारखान्यात प्रत्येक गोष्ट सहमतीने चालणार नाही हे मला मान्य आहे. निदान ज्याच्या पाळीची वेळ बदलायची त्याला आधी विचारायला काय हरकत आहे?

खेड्यातून आलेल्या मुलांसाठी हा मुद्दा अधिक जिव्हाळ्याचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून पुढे आलेला मुलगा पुण्याच्या बैठकीत गप्प बसतो तो कळत नाही म्हणून नव्हे. साहेब आधी बोलून मोकळे झालेले असतात, बाकीचे इंग्रजीत माना डोलावत असतात, आणि मोठ्यांपुढे बोलू नये हे त्याने घरात व वावरात लहानपणापासून ऐकलेले असते. अशा मुलाचे मत आधी, त्याच्या भाषेत आणि नाव घेऊन विचारणारा एक वरिष्ठ त्याला लाभला तर वर्षभरात त्याचे बोलणे बदलते. चुकीबद्दल चारचौघांत न झापता बाजूला घेऊन सांगणे हे याच सवयीचे दुसरे अंग आहे.

ज्यांना वर जायचे आहे त्यांनी याचा स्वतःच्या दृष्टीनेही विचार करावा. आपल्याकडे ‘माझ्यावाचून पान हलत नाही’ हे अभिमानाने सांगितले जाते. ज्याच्यावाचून पान हलत नाही त्याला वरच्या जागी नेणार कसे, कारण त्याची खुर्ची रिकामी झाली की काम ठप्प होणार हे वरिष्ठांना दिसत असते. माझ्या पाहण्यात ज्यांना बढत्या मिळाल्या त्यांतल्या बहुतेकांनी आपल्या जागी बसू शकेल असा माणूस आधीच घडवला होता.

जर्मनीतल्या कामगाराच्या पाठीशी कायदा, कामगारांनी निवडलेली कामगार परिषद आणि न्यायालय आहे. बुटीबोरीत ठेकेदारामार्फत लागलेला मुलगा जादा कामाला नाही म्हणाला तर उद्या त्याला बोलावतीलच याची खात्री नसते. म्हणूनच आपल्याकडे पर्यवेक्षकाच्या सवयींना अधिक वजन आहे, आणि नव्याने पर्यवेक्षक होणाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडे उद्योगांनी गंभीरपणे पाहायला हवे. बुटीबोरी आणि अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या कारखान्यांनी त्यांना नागपूरच्या हॉटेलात दोन दिवस बसवण्याऐवजी गडचिरोलीत दोन दिवस न्यावे. वर्षअखेरच्या मूल्यमापनाच्या कागदात एक रकाना वाढवावा: या व्यक्तीच्या हाताखालच्यांनी यंदा तिला न विचारता कोणते निर्णय घेतले, आणि त्यांतला एखादा चुकला तेव्हा ती कोणाच्या बाजूने उभी राहिली.