आमच्या टिटवीला विसरलात की!

अमेरिकेतल्या पंक्सटॉनी गावात ग्राउंडहॉग या खारीच्या कुळातल्या, बिळात राहणाऱ्या प्राण्यावरून हवामानाचं भाकीत करतात, त्यावरचा तुमचा लेख मजेदार आहे, पण ‘असली भाबडी हौस आपल्याकडे नाही’ हे वाक्य काही पटलं नाही. बडोद्यात या की! उन्हाळ्यात टिटवीची (इथली टिटोडी) अंडी दिसली की स्थानिक गुजराती वर्तमानपत्रांत फोटोसह बातमी येते. अंडी उंचावर असली तर पाऊस भरपूर, सखल जागी असली तर बेताचा. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. आता टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, त्यामुळे भाकीत चुकायची सोयच नाही! ग्राउंडहॉग बिचारा १८८७ पासून दर २ फेब्रुवारीला स्वतःची सावली दिसते का, यावरून हिवाळा लांबणार की लवकर संपणार ते सांगतो आणि बऱ्याचदा तोंडघशी पडतो.

२०१९ साली आमच्या सोसायटीमागच्या खोलगट प्लॉटात टिटवीनं अंडी घातली होती. शेजारचे काका म्हणाले, “यंदा कोरडंच जाणार.” ३१ जुलैला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर कोसळला, विश्वामित्री नदी रस्त्यावर आली आणि मगरीही. काका अजून म्हणतात, अंडी नीट पाहिलीच नव्हती, प्लॉट तसा उंचच होता.