मूठ जाम, कंबर जाम

ट्रॅक्टरचालकांच्या कंबरदुखीला वय नाही, सीटमधून येणारी कंपनं जबाबदार आहेत, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण उपाय काय, तर एअर सस्पेन्शनची, म्हणजे हवेच्या उशीवर हादरे झेलणारी सीट? अहो, ती परवडणार कुणाला?

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, मामा मुरबाडला. भातशेती घरची, शिवाय भाड्याने ट्रॅक्टर चालवतात. गेल्या चिखलणीला त्यांच्या सीटवर तासभर बसलो. रेक्झिन फाटलेलं, त्यावर युरियाची गोणी चौघडी करून. सीटखाली चालकाच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग कडक-सैल करायची मूठ असते. ती गंजून पार कडक टोकाला अडकलेली, आणि मामा जेमतेम ५५ किलोचे! म्हणजे स्प्रिंग दबायचीच नाही, हादरा थेट माकडहाडात.

बऱ्याच ट्रॅक्टरांना मागच्या अ‍ॅक्सलला सस्पेन्शनच नसतं. टायर आणि सीट, एवढंच काय ते मधे. त्यात ४ ते ८ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी कंपनं मणक्याला सर्वांत जास्त बाधतात, आणि ट्रॅक्टर नेमका त्याच्या आसपास हादरतो. युरोपात २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामाला १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही कंपनांची मर्यादा आहे, ०.५ च्या वर गेलं की मालकाने उपाय करायचे. आमच्याकडे मालकही मामा, चालकही मामा.

शेवटी डिझेल ओतून, हातोडीने ठोकून मूठ सोडवली. टायरची हवाही तपासली, बरीच जास्त होती. आता मामांची तक्रार वेगळीच: "सीट डुलते रे, झोप येते."