महिन्याचं किती भरू, आत्या?

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. लग्नाला चार महिने झालेत, दोघंच राहतात, दोघंही नोकरीला जातात. "आत्या, मला एक यादी करून दे ना. महिन्याचं काय काय आणि किती किती भरायचं ते." मग जरा थांबून म्हणाली, "काल मी दीड किलो रवा टाकून दिला. जाळी धरली होती. आईला सांगू नकोस."

ते "आईला सांगू नकोस" मला फार लागलं. धान्य टाकायची वेळ आली की आपल्याकडे बाई ते गुपचूप टाकते. वर्तमानपत्रात गुंडाळून, कचऱ्याच्या डब्यात तळाशी. कोणाला दिसू नये म्हणून. मीही असंच टाकलंय. म्हणून भाचीला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते.

यादी मी तिला दिली नाही. कारण यादीनेच मला काही वर्षं फसवलं.

आमची वाण्याकडची यादी मुलगा दहावीत असतानाची. घरात चार माणसं. गहू 15 किलो, तांदूळ 8, तूरडाळ 4, तेल 5 लिटर, पोहे 3, शेंगदाणे 2, बेसन 2, शिवाय रवा, साबुदाणा, कडधान्यं. पुढे पुढे यादी लिहायचीही गरज राहिली नाही. दुकानदाराला "नेहमीचं पाठवा" एवढा मेसेज गेला की संध्याकाळी सामान दारात. 2021 साली सासूबाई गेल्या. 2022 च्या जूनमध्ये मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला. मेसेज मात्र तोच राहिला. नेहमीचं पाठवा.

त्या वर्षी दिवाळीआधी डबे घासायला काढले आणि जमिनीवर जुनी चादर अंथरून सगळं ओतलं. पोह्यांना कुबट वास. शेंगदाणे खवट. बेसनात गाठी आणि अळ्या. मटकीला टोके, हातात घेतली तर निम्म्या दाण्यांना भोकं. टाकायचं ते सगळं एका पिशवीत भरून वजन केलं, 6 किलो 400 ग्रॅम. पोहे मुलाचे होते, रोज सकाळी त्यालाच लागायचे. बेसन सासूबाईंचं, त्यांना दोन दिवसांआड पिठलं हवं असायचं. त्या चादरीपाशी बसल्यावर मला कळलं की मी हिशेबात चुकत नव्हते. यादीतून 3 किलो पोहे खोडायचे म्हणजे मुलगा आता घरी नाही हे स्वतःच्या हाताने लिहायचं, आणि ते माझ्याच्याने होत नव्हतं.

माझ्या ओळखीच्या पन्नाशीच्या आसपासच्या बऱ्याच घरांत हेच चाललंय असं मला वाटतं. माणसं कमी झाली, डबे तेवढेच राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालात भारतातल्या घरांतून माणशी वर्षाला साधारण 55 किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. त्यात सालं-देठंही धरलेली असतात. पण माझ्या त्या पिशवीत एकही साल नव्हतं. सगळं निवडलेलं, पैसे मोजून आणलेलं धान्य होतं.

मग मी एक केलं. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे, दुधाचा हिशेब त्यावरच असतो. त्याच चौकोनांत पेन्सिलीने लिहायला लागले. तूरडाळ उघडली. तेल उघडलं. साखर संपली. बाकी काही नाही, उघडल्याचा दिवस आणि संपल्याचा दिवस. सहा महिने लिहिलं. आम्हा दोघांना तूरडाळ महिन्याला दीड किलोसुद्धा लागत नाही, मी आणत होते 4. तेल पावणेदोन लिटर. तांदूळ 4 किलो, कारण रात्री हे भात खात नाहीत. पोहे अर्धा किलो. उलट ज्वारी मला वाटत होतं त्याच्या दुप्पट लागते. आपण काय खातो याबद्दलची आपली समजूत आणि प्रत्यक्षात डब्यातून जे कमी होतं ते, यांत केवढं अंतर असतं ते लिहिल्याशिवाय दिसत नाही. भाचीला मी पहिलं हेच सांगितलं, कुणाची यादी घेऊ नकोस. माझीही नको, तुझ्या आईचीही नको. तीन महिने कॅलेंडरवर लिही.

दुसरी गोष्ट जिन्नसाच्या स्वभावाची. दाणा जितका अखंड तितका तो टिकतो. गहू नीट वाळवलेला असेल तर वर्ष काढतो, त्याची कणीक पावसाळ्यात महिनाभरही नीट राहत नाही. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांतच कडू होतं. बाजरीत तेल जास्त, दळलं की त्याला हवा लागते आणि ते खवट व्हायला लागतं. म्हणून जुन्या बायका बाजरी शेर-दोन शेरच दळायच्या, त्यामागे एवढं साधं कारण होतं. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, जवस यांचंही तेच. जिथे तेल तिथे खवटपणा लवकर.

पण कडधान्यात हा नियम उलटतो, आणि हे मला फार उशिरा कळलं. मटकी, चवळी, मूग, अख्खी तूर यांच्यावर बसणारा भुंगेरा अख्ख्या दाण्याच्या सालावर अंडी घालतो. अळी आत शिरते, आतच वाढते आणि भोक पाडून बाहेर येते. ही कीड कित्येकदा शेतातूनच, शेंगेत असतानाच सोबत येते. म्हणजे तुमचा डबा कितीही घट्ट असला तरी चोर आधीच आत आहे. दाणा भरडून डाळ केली, साल निघालं, की ही कीड तिथे सहसा जम बसवू शकत नाही. शेतकऱ्याच्या घरात तूर आली की लगेच डाळ करून ठेवायची घाई असायची ती यासाठी. त्यामुळे तूरडाळ मी तीन महिन्यांची आणते, पण मटकी आणि चवळी अर्धा किलोच्या वर कधीच नाही. आणली की पहिले चार दिवस फ्रीझरमध्ये. त्या थंडीत अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर मात्र पुडी लगेच फोडायची नाही, घरातल्या हवेइतकी होऊ द्यायची, नाहीतर दाण्यांवर दव धरतं आणि बुरशीला आपणच आमंत्रण देतो. रव्याचंही मी हेच करते, किंवा सरळ कोरडा भाजून ठेवते.

तांदूळ मात्र ठेवावा असा जिन्नस आहे. जुना झाला की मोकळा होतो. कोलम मी वर्षाचा घेते, मे महिन्यात. सोंडे होऊ नयेत म्हणून बोरिक पावडर चोळायची पद्धत आमच्या माहेरी होती. मी सोडली, कारण कितीही धुतलं तरी मनात किंतु राहतो. वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि घट्ट झाकणाचं पिंप, एवढ्यावर चालतं. गव्हाला एरंडेलाचा हात लावते.

इथे एक कळकळीची विनंती. वर्षाचं धान्य भरताना काही जण गोळ्या ठेवतात. त्यातल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतला दमटपणा लागला की फॉस्फिन नावाचा विषारी वायू सोडतात. त्या गोदामासाठी असतात, तिथे प्रशिक्षित माणसं त्या वापरतात. आपल्या बंद फ्लॅटमध्ये, जिथे धान्याच्या पिंपापासून चार पावलांवर मूल झोपतं, तिथे त्यांना जागा नाही. कोणी "काही होत नाही" म्हणालं तरी ठेवू नका. त्यापेक्षा पाच किलो गहू किडलेला परवडला.

आता वर्षाच्या बेगमीबद्दल. माझं माहेर सांगलीचं. चैत्र-वैशाखात आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसायची. गहू, ज्वारी, चिंच, हळकुंडं, मिरच्या, सांडगे, कुरडया. मृग लागायच्या आत सगळं वाळून, पाखडून, कोठीत गेलेलं असायचं. आजी पायलीने मापायची. कोकणात आगोटीची खरेदी, गोव्यात पुरुमेंत, सगळीकडे हेच, कारण पुढचे चार महिने वाटा बंद, ऊन नाही आणि बाजार लांब. हे सगळं मला अतिशय प्रिय आहे. पण त्या कोठीमागे काय काय होतं हे आपण विसरतो. नऊ खाणारी माणसं होती. कडक ऊन लागणारी गच्ची होती. आणि घरात दिवसभर असणाऱ्या तीन बायका होत्या, ज्या दर पंधरा दिवसांनी धान्याला ऊन दाखवायच्या, चाळायच्या, निवडायच्या. त्यांचे हात होते म्हणून ते धान्य वर्षभर टिकलं. ते हात, ती गच्ची आणि ती माणसं नसताना फक्त पिंप तेवढं मोठं घ्यायचं, ही परंपरा पाळणं नव्हे.

माझ्या भाचीच्या घरात ऊन येतं ते सकाळी अर्धा तास, बाल्कनीच्या कोपऱ्यात. तिने वर्षाची म्हणून चिंच, कोकम, हळद, मीठ आणि घरचा मसाला भरावा. मसालाही माहेरच्या मापाने नाही, तर तिला वर्षाला लागेल तेवढाच.

स्वस्ताईचं गणित मी तिला फोनवरच मांडून दाखवलं. तिने तो रवा मोठ्या दुकानातून आणला होता, एकावर एक फुकट. दोन किलो आणला, एक किलोचे पैसे दिले. अर्धा किलो वापरला, दीड टाकला. म्हणजे अर्ध्या किलोला एक किलोचे पैसे पडले, दुप्पट भाव. त्याशिवाय डबा अडला तो वेगळा. घाऊक घेतल्याचा फायदा खराच असतो, मी नाकारत नाही. धान्य महोत्सवात थेट शेतकऱ्याकडून गहू-ज्वारी घेतली तर भावही बरा मिळतो आणि पैसे त्याच्या हातात पडतात. पण तो फायदा शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्लं तरच आपला.

आणि भीती. 24 मार्च 2020 च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि साडेआठला मी दुकानाच्या रांगेत होते. घरात पंधरा दिवसांचं सगळं होतं. तरी मी 10 किलो गहू, 5 किलो डाळ, 4 किलो साखर उचलली. दोन दिवसांनी आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचा फोन आला, त्यांच्या वस्तीजवळच्या दुकानात डाळ संपली होती. त्या आठवड्याला पाव-अर्धा किलो आणतात, पगार तसा हातात येतो. मी उचललेली ती 5 किलो डाळ नेमकी त्यांची होती असं नाही, पण माझ्यासारख्या शंभर जणींनी उचलली म्हणून त्यांना मिळाली नाही, हे खरं आहे. मी त्यांना डाळ दिली, पण ते देणं म्हणवत नाही मला. भरून ठेवण्याची ऐपत असणाऱ्याने घाबरून भरलं की त्याची झळ रोजचं रोज आणणाऱ्याला बसते.

असंच 2023 च्या जुलैमध्ये झालं. भारताने बिगर बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली आणि अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत झुंबड उडाली. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिने 20 पौंडांची सहा पोती गाडीत घातली. घरात तिघं. बासमतीवर बंदी नव्हतीच, आणि सप्टेंबर 2024 मध्ये बाकीच्या तांदळावरची बंदीही उठली. तिच्याकडचा शेवटचा तांदूळ तोवर संपला नव्हता.

म्हणून काहीच भरू नये का? दहा मिनिटांत सगळं दारात येतं असं भाचीचा नवरा म्हणतो. इथे माझं त्याच्याशी ठाम दुमत आहे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा माझा भाऊ, वहिनी आणि हीच भाची वरच्या मजल्यावर पाच दिवस अडकले होते. खालच्या कोठीतला वर्षाचा गहू भिजून फुगला, आंबला, सगळा गेला. वर गॅस संपत आलेला, वीज नाही. त्यांना तारलं ते माळ्यावरच्या एका पत्र्याच्या डब्याने. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, पातळ पोहे. शिजवावं लागत नाही असं सगळं. तेव्हापासून मी मानते की घरात पंधरा दिवसांचं अन्न असायलाच हवं, त्यातलं तीन-चार दिवसांचं विस्तवाशिवाय खाता येईल असं हवं, आणि ते खाली एकाच जागी नको. पण तो डबाही रोजच्या खाण्यातलाच हवा. दर महिन्याला त्यातलं काढून खायचं आणि नवीन भरायचं. अडीअडचणीसाठी म्हणून वेगळं ठेवून विसरलं की ते अडचणीच्या दिवशी खवट निघतं.

बाकी साठ्याचं माझं माप आता एवढंच आहे. जिन्नस घरात जितके दिवस चांगला राहतो, त्याच्या निम्म्या दिवसांत संपेल इतकाच आणायचा. निम्मे का, तर उरलेलं आयुष्य त्याने गोदामात आणि दुकानात आधीच काढलेलं असतं. पाकिटावरची पॅकिंगची तारीख पाहायची ती यासाठी. पावसाळ्यात त्याहूनही कमी. नवीन सामान डब्यातल्या जुन्यावर कधीही ओतायचं नाही. आधी जुनं वाटीत काढायचं, डबा धुऊन उन्हात कोरडा करायचा, मग नवीन खाली आणि जुनं वर. आईचा हा नियम एवढ्या वर्षांत मला एकदाही चुकीचा वाटला नाही.

काल रात्री भाचीने फोटो पाठवला. कॅलेंडरच्या एका चौकोनात तिच्या अक्षरात "तूरडाळ उघडली, 1 किलो", आणि त्याच्या खाली जावईबापूंच्या अक्षरात "पोहे संपले". सोबत विचारलंय, कोकम कुठून आणू. माझ्याकडे वेंगुर्ल्याहून आलेली आहेत, त्यातली पाव किलो तिला पाठवतेय. त्या दोघांना वर्षभर पुरतील.