नऊ बटणं आणि आमचे मामा
काल संध्याकाळी जे डोकं सटकलंय ते अजून ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहून मोकळा होतो.

माझ्याकडे एक जुनी जॉयस्टिक आहे, गेमपोर्टवाली, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरला जॉयस्टिक लावायची जी खास जागा असायची तिथे बसणारी, १५ पिनांच्या रुंद कनेक्टरची. हा पोर्ट १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आला आणि त्यात बटणांच्या वायरी मोजून चार, त्यासुद्धा दोन जॉयस्टिकमध्ये वाटून घ्यायच्या. पुढे विंडोज व्हिस्टाने गेमपोर्टचा सपोर्टच काढला आणि चांगल्या धडधाकट जॉयस्टिक बसल्याजागी भंगारात गेल्या. तर तिच्यात आर्डुइनो लिओनार्डो नावाचं प्रोग्रॅम करता येणारं छोटं बोर्ड टाकून ती यूएसबी केली, नऊ जादा बटणं बसवली, प्रत्येक बटणाखाली लाल एलईडी लावला. झालं, एवढंच काम. पण शेवटची वायर डागून होते न होते तोच बायकोचे मामा आले.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि टेबलावर वाकले.

"काय जावईबापू, मिक्सर बिघडला का?"

"जॉयस्टिक आहे मामा. कॉम्प्युटरवर विमान चालवायची."

"तुम्ही विमान चालवता?"

"गेममध्ये."

"आणि पडलं तर?"

"परत पहिल्यापासून."

"म्हणजे जिवाला काही नाही," मामा म्हणाले, आणि माझ्याबद्दलचा त्यांचा आदर डोळ्यांदेखत दोन पायऱ्या खाली उतरला.

मी म्हटलं चला, निदान कारागिरी तरी दाखवू. उलटी करून आतलं दाखवलं. नऊ बटणांना नऊ वायरी नाही लागत मामा, तीन आडव्या तीन उभ्या अशी जाळी करायची, सहा पिनांत काम होतं. फक्त तीन कोपऱ्यांतली बटणं एकदम दाबली की चौथं न दाबताच दाबल्यासारखं दिसतं, म्हणून प्रत्येक बटणाला हा एकेक बारका डायोड, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा. बघा, त्याची काळी पट्टी सगळीकडे एकाच बाजूला आहे. आणि हे पॉट, म्हणजे दांडा हलवला की याचा रेझिस्टन्स बदलतो, पूर्वी याचे दोनच पाय जोडलेले होते, गेमपोर्टचं कार्ड नुसता रेझिस्टन्स बघायचं, आताच्या बोर्डाला व्होल्टेज लागतं म्हणून तिसरा पायही जोडलाय. मी बोलतोय, बोलतोय, मामा मान डोलावतायत, मला वाटलं पोचतंय.

"कीबोर्डला किती बटणं असतात हो?"

"शंभराच्या वर."

"मग ती कमी पडली का?"

आता याला काय उत्तर देणार? म्हणजे उत्तर आहे, विमान उतरवताना एक हात स्टिकवर असतो आणि चाकं, फ्लॅप, ब्रेक बोटाखालीच लागतात, कीबोर्डवर चाचपडत बसलं की विमान शेतात. पण हे शब्द मला सुचले रात्री अंथरुणावर.

मग मी हुकमी एक्का काढला. यूएसबी लावली. नऊच्या नऊ दिवे लागले! मामा बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले.

"निळा नव्हता का?"

अहो, निळा! लाल एलईडी १९६२ पासून आहे, चांगला झगझगीत निळा यायला १९९० चं दशक उजाडलं, त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं, आणि मामांना तो हवाय माझ्या जॉयस्टिकमध्ये कारण त्यांच्या नातवाच्या माऊसला आहे. लाल एलईडीला दोनेक व्होल्ट पुरतात, निळ्याला तीनच्या आसपास लागतात, माझे ३३० ओहमचे रेझिस्टर लालच्या हिशोबाने लावलेत. हे सांगितलं तर म्हणतात, "बल्ब तर बदलायचाय." बल्ब! नऊ ठिकाणी डाग सोडवायचे, परत डागायचे, आणि म्हणे बल्ब तर बदलायचाय.

बरं, मामांना तरी किती बोलू. हल्ली वस्तू उघडायची असते हेच लोक विसरलेत आणि त्यात लोकांचाही दोष नाही. या जुनीला खाली स्क्रू होते, फिरवले की पोट मोकळं. आजच्या निम्म्या वस्तू गोंदाने चिकटवलेल्या, उघडायला गेलं की कडाच तुटतात, मग घ्या नवीन. सरळ लूट आहे ही, आणि वर आपणच वेडे ठरतो. एखाद्याने दिवसभर फोनवर रील बघितले तर कोणी विचारत नाही की याचा उपयोग काय. हातात सोल्डरिंग गन दिसली की मात्र आख्ख्या घराला अर्थशास्त्र आठवतं.

जाताना मामांनी फोटो काढला. मला वाटलं, आवडलं बहुतेक. रात्री फॅमिली ग्रुपवर बघतो तर खाली ओळ, "जावईबापूंनी घरी रिमोट बनवला." त्यावर अंगठे, हात जोडलेले, एका मावशींचा प्रश्न की एसीला चालेल का. आणि सगळ्यात शेवटी परत मामाच, "निळ्या लाइटचं सांगितलंय, पुढच्या आठवड्यात करून देतो म्हणालेत."

मी कधी म्हणालो?