पश्चिमेला काच कोणी लावायला सांगितली?

काल दुपारी साडेतीनला नगर पंचायतीच्या नव्या इमारतीत जन्म-मृत्यू नोंदीच्या खिडकीसमोर उभी होते. बाहेर ४५ डिग्री. काउंटरच्या ग्रॅनाइटवर हात टेकवला आणि लगेच उचलावा लागला, इतका तो दगड तापलेला. खिडकीमागची लिपिक मुलगी ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन संगणकावर नावं टाकत होती. तिच्या पाठीशी बारा फूट उंच काच, तोंड सरळ पश्चिमेला. त्या काचेवर आतून चिकटपट्टीनं वर्तमानपत्रं लावलेली, उन्हानं पिवळी होऊन कडा वळलेली. आणि मुख्य दारातून शिरलं की समोरच्या भिंतीवर काय आहे? फ्रेम केलेलं हरित इमारतीचं प्रमाणपत्र.

मी आर्किटेक्ट आहे. या इमारतीचा पहिला नकाशा मी काढला होता. त्यामुळे हे लिहिताना माझं डोकं शांत नाही आणि ते शांत करायची माझी इच्छाही नाही.

माझ्या नकाशात नवीन असं काहीच नव्हतं. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे लांब भिंती उत्तर-दक्षिणेला. सगळ्या कामाच्या खोल्यांना उत्तरेच्या खिडक्या. दक्षिणेला अडीच फुटी छज्जा. पश्चिमेला जिना, संडास, रेकॉर्ड रूम आणि जाड भिंत, म्हणजे दुपारचं ऊन तिथंच अडेल. गच्चीवर पांढऱ्या चायना चिप्स, म्हणजे चिनी मातीच्या फरशीचे तुकडे, कारण आपण २१ अंश अक्षांशाच्या आसपास राहतो आणि मेच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सगळ्यात जास्त मार गच्चीच खाते. हे शिकायला मला पुण्या-मुंबईला जावं लागलं नाही. माझ्या आजोबांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर होतं, हातभर जाड मातीच्या भिंती, पश्चिमेला एक झरोकासुद्धा नाही. मे महिन्यात दुपारी आम्ही पोरं तिथं उघड्या जमिनीवर झोपायचो.

पण प्लॉटचं तोंड हायवेकडे, आणि हायवे पश्चिमेला. "रोडवरून बिल्डिंग दिसली पायजे," हे बैठकीतलं पहिलं वाक्य होतं. दुसरं वाक्य, "काच पायजे." मोठ्या शहरातले सल्लागार आले, त्यांनी एलिव्हेशनचं, म्हणजे दर्शनी बाजूचं, रंगीत चित्र दाखवलं आणि माझा नकाशा त्या दिवशी संपला. मी उभं राहून सांगितलं की साहेब, तीननंतर ऊन तिरपं होतं, छज्जा कितीही बाहेर काढा, ते खालून आत येणारच. साधी एकेरी काच उन्हाची जवळपास ८० टक्के उष्णता आत सोडते. उत्तर मिळालं, "मॅडम, हरित प्रमाणपत्राचे ते गुण गेले तर दुसरीकडून भरून काढू."

आणि खरंच भरून काढले. मला राग आहे तो याचा!

प्रमाणपत्राच्या फाइलीसाठी चार महिने मीच धावले, त्यामुळे ते गुण कसे जमले ते मला ओळ न् ओळ माहीत आहे. कमी वासाच्या रंगाची बिलं. राखमिश्रित सिमेंटचं कंपनीचं पत्र. बांधकामावर धुळीची जाळी लावल्याचे तारखेसह फोटो. मजुरांच्या पिण्याच्या पाण्याचे फोटो. नळातून मिनिटाला किती लिटर पाणी येतं त्याचा कागद. सायकल स्टँड. गच्चीवरचं सोलर. यातली एकही गोष्ट वाईट नाही, मजुरांना पाणी मिळालं याचा मला आनंदच आहे. पण या सगळ्यांची बेरीज करून पश्चिमेची काच माफ झाली. तपासणीला माणसं आली ती डिसेंबरात, सकाळी अकराला. त्या वेळी पश्चिमेची बाजू सावलीत असते आणि आत छान गारवा असतो. मेमध्ये साडेतीनला कोणी आलं नाही. आजवर कोणी विचारलं नाही की बाबांनो, तुमचं विजेचं बिल किती येतं.

दोष नियमांच्या पुस्तकात आहे असं मी म्हणणार नाही. टेरी ही ऊर्जा-संशोधन संस्था आणि केंद्राचं अक्षय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून हरित इमारतींना गुण देण्याची 'गृह' ही पद्धत आणली, ती २००७ पासून देशात चालते. २५०० चौरस मीटरपेक्षा लहान इमारतींसाठी तिची 'स्वगृह' नावाची सोपी आवृत्तीसुद्धा आहे. ऊन कुठून येतं, सावली कशी द्यायची, हे त्यात आहे. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. पण ती लागू होते १०० किलोवॅट किंवा जास्त जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून विजेचा भार) असलेल्या व्यावसायिक इमारतींना. तालुक्याच्या नगर पंचायतीचा भार तेवढा भरत नाही. म्हणजे आमच्यासारख्या गावात काच किती लावावी हे विचारणारा कायदाच नाही, उरतं ते फक्त प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र फाइल वाचतं.

बरं, गरम होतं तर कूलर लावा. विदर्भातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. इथली उन्हाळ्याची हवा कोरडी, वाळ्याच्या ताट्यांतून ओढली की थंड होते, आणि साधा कूलर दोनशे वॅटच्या आसपास चालतो. दीड टनाचा एसी त्याच्या सहा-सात पट वीज खातो. पण कूलरला बाहेरची हवा ओढायला उघडी खिडकी लागते आणि दुसऱ्या बाजूनं ती हवा निघायला वाट लागते. इथं काचा फिक्स आहेत, उघडतच नाहीत! कूलर हॉलच्या मधोमध ठेवून पाहिला, तासाभरात कागद ओले आणि माणसं घामानं चिंब. शेवटी एसीची मागणी गेली. ज्या इमारतीला वीज वाचवण्याचे गुण मिळाले तिला आता आठ एसी लागणार आहेत.

संडासात सेन्सरचे नळ आहेत. गावात पाणी तीन दिवसांआड येतं, बाकी दिवस बोअरचं खारं पाणी टाकीत चढवतात. त्या खारानं सेन्सरच्या तोट्या पहिल्या सहा महिन्यांत जाम झाल्या. आता दाराशी बादली आणि मग.

आणि निंब. प्लॉटवर एक जुना निंब होता, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. मी नकाशात तो अंगणात ठेवला होता, भोवती ओसरी, लोक दाखल्यासाठी आले की सावलीत बसतील म्हणून. पार्किंगसाठी तो तोडला. त्या बदल्यात कुंड्या आणि लॉन, त्याचे फोटो फाइलीत. काल दाखल्यासाठी आलेले एक काकाजी पायरीवर उन्हातच बसले होते. मला ओळखतात. म्हणाले, "बाई, निंब काहून तोडला? आमी आता बसाव कुठी?" मला उत्तर देता आलं नाही. हे लाजेचं आहे, आणि ती लाज एकट्या माझ्या वाट्याला का?

सेवाग्राम इथून तासाभरावर आहे. १९३६ मध्ये गांधीजी तिथं राहायला आले, तेव्हा अट होती की घराचं सामान आसपासचंच हवं. माती, बांबू, कवेलू. आमच्या बैठकीतले निम्मे लोक शाळेच्या सहलीत बापू कुटी पाहून आलेले आहेत. तिथल्या जमिनीवर दुपारी बसलेले आहेत. मग नगर पंचायतीचा विषय आला की ते सगळं डोक्यातून जातं कसं?

मी काल पुन्हा लेखी दिलं. पश्चिमेच्या काचेबाहेर दोन फुटांवर बांबूच्या ताट्या उभ्या करा. खालच्या पट्टीच्या काचा काढून उघडणाऱ्या झडपा बसवा. गच्चीला पांढरा रंग मारा, तो तर एका आठवड्यात होतो. आणि पावसाच्या पाण्याचा पाइप जोडा. हो, तोही जोडलेला नाही. गच्चीवरून चार इंची पाइप खाली येतो आणि शोषखड्ड्याच्या तोंडापासून दीड फुटावर थांबतो. मागच्या पावसाळ्यात सगळं पाणी पार्किंगमधून हायवेच्या नालीत गेलं. फाइलीतल्या फोटोत खड्डा आहे, पाइप आहे, मधली दीड फुटाची जागा फोटोच्या बाहेर राहिली आहे.

मृग लागायला तीन आठवडे उरलेत. ठेकेदार म्हणतो काम हस्तांतरित झालं. ऑफिस म्हणतं दोष-दायित्वाचा काळ, म्हणजे ठेकेदारानंच दोष दुरुस्त करून द्यायची मुदत, संपलेला नाही, बाहेरच्या माणसानं हात लावायचा नाही. चार इंची एल्बो, म्हणजे पाइप वळवायचा जोड, आणि हातभर पाइपचा तुकडा मी कालच विकत घेतला. गाडीच्या डिक्कीत ठेवलाय. सोमवारी पुन्हा जाते आहे.