लावा जोर अजून!

भिडे पूल पाण्याखाली गेला, हे मला बातम्यांत बघावं लागत नाही. आमचं पुढचं दार सांगतं. तिकडे खडकवासल्यातून पाणी सुटलं की इकडे दार चौकटीत रुतून बसतं. बाहेरून यायचं तर खांदा मारा, आतून जायचं तर मूठ धरून लोंबकळा. बंद करायचं तर लॅच लागत नाही, म्हणून धाडकन आपटा. आपटलं की समोरचे काका त्यांचं दार (त्यांचं उघडतं!) किलकिलं करून विचारणार, "काय, भांडण झालं का?" हो काका, झालं. दाराशी.

सोसायटीच्या ग्रुपवर तर सगळेच सुतार. मेणबत्ती घासा. साबण लावा. बिजागरीत तेल सोडा. अहो, दार कुरकुरत नाहीये, फुगलंय! मेणाने जेमतेम घासणारं दार सरकतं, चांगलं दोन-तीन मिलिमीटर अडणारं नाही. आणि दार नुसतं वरच्या कोपऱ्यात, लॅचच्या बाजूला अडत असेल तर आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा ना. ते ढिले झाले की दार झुकतं, त्यात पावसाचा दोष नसतो. पण स्क्रू ड्रायव्हर आणायचे कष्ट कोण घेणार, सल्ला फुकट आहे.

खरे सुतार याहून थोर. जुलैत बोलावलं तर म्हणे, "आता लाकूड ओलं आहे, रंधा मारला तर उन्हाळ्यात फट पडेल. दिवाळीनंतर बघू." बरोबर आहे, पटलं. दिवाळीनंतर आला, दार दोनदा उघडलं-मिटलं, "छान लागतंय की! काय करायचंय?" आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. पुढच्या पावसाळ्यात दुसरा बोलावला. त्याने काही न विचारता खसाखसा रंधा मारला आणि ती कड तशीच कोरी सोडून गेला. मार्चमध्ये फटीतून जिन्यातला ट्यूबलाइट दिसत होता. जूनमध्ये दार परत घट्ट!

होणारच. लाकूड उंचीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगतं. पुण्याची हवा एप्रिलच्या दुपारी कोरडी ठणठणीत आणि जुलैत चोवीस तास ओली, त्यामुळे ते दरवर्षी सादळणार आणि दरवर्षी आकसणार. मान्य. पण हे ओल पितं कुठून? वरच्या आणि खालच्या कडेने. तिथे लाकडाच्या नळ्या आडव्या कापलेल्या, तोंडं उघडी असतात. आणि नेमक्या त्याच कडांना कोणी पॉलिशचा थेंब लावत नाही, कारण स्टुलावर चढून वर कोण बघतंय? आरसा घ्या आणि दाराखाली धरा. दर्शनी बाजू आरशासारखी चकचकीत, खाली कोरं लाकूड. त्यावर रोज लादीचं ओलं फडकं. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये मात्र 'आकर्षक प्रवेशद्वार'.

शनिवारवाडा 1828 मध्ये जळला, तरी दिल्ली दरवाजा उभा आहे. आणि आमच्या दाराला चार सरी सोसत नाहीत!

जुन्या पॅनेलच्या दारांत फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली असते. फुगली तर खाचेतल्या खाचेत फुगते, दाराची रुंदी फारशी बदलत नाही. हे पूर्वीच्या सुतारांना कळत होतं.

यंदा दार उन्हाळ्यात उतरवणार. कुठे घासतंय त्या खुणा मी आत्ताच, फुगलेलं असतानाच, पेन्सिलीने करून ठेवल्यात. तेवढंच रंधायचं आणि वरची, खालची, बाजूच्या, सगळ्या कडा माझ्यासमोर सील करायच्या. त्याशिवाय एक रुपया सुटणार नाही. "मॅडम, तिथे कोण बघतं?" असं कोणी म्हणालाच, तर त्याला जुलैत चहाला बोलावीन आणि बाहेरून दार ओढून घेईन.