पफिन दिसले नाहीत, लिंडिसफार्नवर घाई झाली: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

"जाहिरातीत पफिन, प्रत्यक्षात एकही नाही, वर आईला मठ धड बघू न देता गाडीत बसवलं." इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या सहलीबद्दल, म्हणजे फार्न बेटांची बोटफेरी आणि लिंडिसफार्न बेटावरचा मठ याबद्दल, तुमच्या या दोन्ही तक्रारी वाचल्या. त्या दिवशी मी स्वतः सोबत होतो, म्हणून उत्तरही मीच देतोय.

पफिनची चूक सर्वस्वी आमची. हे समुद्रपक्षी एप्रिलच्या सुमारास फार्न बेटांवर येतात, बिळात एकच अंडं घालतात आणि पिल्लं मोठी झाली की जुलैअखेर पुन्हा समुद्रावर निघून जातात. तुम्ही आलात ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. आमच्या पानावर "एप्रिल ते ऑगस्ट" असं छापलं होतं. बोट सीहाउसेसच्या धक्क्याला परत लागेपर्यंत तुमच्या बाबांनी डोळ्यांवरून दुर्बीण काढली नव्हती, ते मी पाहत होतो. खडकांवर करडे सील भरपूर होते, पण बाबा आले होते पफिनसाठी. पाचही जणांचं बोटीचं भाडं आज परत पाठवलंय आणि पानावरचा मजकूर बदललाय.

लिंडिसफार्नचं मात्र मी आजही तसंच करेन. बेटावर जाणारा रस्ता दिवसातून दोनदा भरतीत बुडतो. सुरक्षित वेळा नॉर्थम्बरलँडची काउंटी कौन्सिल जाहीर करते. त्यापलीकडे पाच मिनिटंसुद्धा मी थांबणार नाही. वाटेत खांबांवर उभी पांढरी खोली दिसली ना, ती अडकलेल्यांनी चढून जीव वाचवण्यासाठी आहे. पण निघायची वेळ सकाळीच गाडीत सांगायला हवी होती, ते राहून गेलं. त्याबद्दल माफी मागतो.

काकूंचं, म्हणजे तुमच्या आईचं, मला जास्त लागलं. मठाच्या अवशेषांतल्या त्या उंच एकाकी कमानीखाली उभ्या राहून त्यांनी विचारलं, "बदकांना जपणारा संत तो हाच का?" आणि मी घड्याळ दाखवलं. काकू, हो, तेच कथबर्ट. ६८७ साली फार्न बेटांपैकी इनर फार्नवर वारले, पुरले ते लिंडिसफार्नला. तिथली आयडर बदकं आजही त्यांच्याच नावानं 'कडीज डक' (कडी म्हणजे कथबर्टचं लाडकं रूप) म्हणून ओळखली जातात. मठ त्याआधीचा, ६३५ मध्ये एडन या ख्रिस्ती साधूने स्थापलेला. तुम्ही पाहिलेली कमान पुष्कळ नंतरची, १२व्या शतकातल्या चर्चची.

आई-बाबा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येणार असतील तर जूनमध्ये आणा. त्या दोघांकडून पैसे घेणार नाही. टोप्या मात्र आणा, तेव्हा आर्क्टिक टर्न हे समुद्रपक्षी डोक्यावर चोची मारतात.